स्टार ट्रेकच्या कादंबऱ्या संपवा, पण पुसू नका: प्रकाशक आणि परवाना देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
स्टार ट्रेक कादंबऱ्यांचा संपादकीय विभाग, गॅलरी बुक्स (सायमन अँड शुस्टर), न्यूयॉर्क
आणि
स्टार ट्रेकचे परवाने देणारा विभाग, पॅरामाउंट

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणाला ते वाचता येईल अशी आशा नाही. पण तुमची पुस्तकं माझ्याकडून नेणारे लोक मराठीत बोलतात आणि या पुस्तकांवरून मराठीतच भांडतात. त्यांच्यादेखत बोलायचं आहे. तुम्हाला इंग्रजी प्रत वेगळी पाठवते आहे.

विषय ‘कोडा’चा, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकांच्या कादंबऱ्यांतल्या एका त्रयीचा. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२१ या तीन महिन्यांत तुम्ही तीन कादंबऱ्या काढल्या: डेटन वॉर्ड यांची ‘मोमेंट्स असंडर’, जेम्स स्वॉलो यांची ‘द ॲशेस ऑफ टुमॉरो’ आणि डेव्हिड मॅक यांची ‘ऑब्लिव्हियन्स गेट’. तिसरीच्या शेवटच्या पानांबरोबर वीस वर्षं पुस्तकांतून वाढलेलं एक अख्खं विश्व संपलं. नुसतं संपलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. (ज्यांना ही त्रयी अजून वाचायची आहे त्यांनी इथे थांबावं, पुढे शेवट उघड केला आहे.)

मी डोंबिवलीत एक छोटं खाजगी वाचनालय चालवते. वडिलांनी सुरू केलेलं. दिवाळी अंक, रहस्यकथा, पाककृती आणि परीक्षांची पुस्तकं यांच्यावर ते चालतं. मागच्या भिंतीला इंग्रजी विज्ञानकथांचं एक कपाट आहे, आणि त्यातले दोन खण स्टार ट्रेकचे. वडिलांना हे वेड दूरदर्शनमुळे लागलं. ऐंशीच्या दशकात जुनी मालिका तिथे दाखवत. मग फोर्टातल्या फुटपाथवरच्या ढिगाऱ्यांतून ते एकेक पुस्तक उचलून आणू लागले. हे कपाट कधीच फायद्यात नव्हतं. पण त्याच्यासाठी येणारे वर्गणीदार सर्वांत जुने आणि सर्वांत चिवट. त्यांना पुढचा भाग द्यायचा, क्रम लावून द्यायचा, हे माझं काम. त्यामुळे तुमच्या निर्णयाचा हिशेब शेवटी माझ्याच टेबलावर येतो.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. तुमच्याच पॉकेट बुक्सने १९७९मध्ये पहिल्या चित्रपटाची कादंबरी काढली आणि तेव्हापासून स्टार ट्रेकची पुस्तकं अखंड येत राहिली. सुरुवातीची बरीच वर्षं नियम असा की पुस्तक संपताना सगळं जिथल्या तिथे हवं. कप्तान मरायचा नाही, कुणाचं लग्न व्हायचं नाही, जहाजाला ओरखडा उठला तर शेवटच्या पानाआधी बुजवायचा. पडद्यावर मालिका चालू असताना हे समजण्यासारखं होतं. पण ‘डीप स्पेस नाइन’ १९९९मध्ये संपली, ‘व्हॉयेजर’ २००१मध्ये, ‘नेमेसिस’ हा चित्रपट २००२मध्ये आला, आणि ‘एंटरप्राइज’ २००५मध्ये बंद पडल्यावर २०१७पर्यंत छोट्या पडद्यावर स्टार ट्रेकची एकही नवी मालिका नव्हती. मधले तीन चित्रपट आले ते दुसऱ्याच काळरेषेतले, म्हणजे समांतर विश्वातले. म्हणजे पिकार्ड, सिस्को, जेनवे, रायकर या पडद्यावरच्या कप्तान-अधिकाऱ्यांचं पुढे काय झालं, या प्रश्नाचं उत्तर तेवढी वर्षं तुमच्या कादंबऱ्यांत मिळत होतं.

आणि उत्तरं काय दिली त्या लेखकांनी! ‘डीप स्पेस नाइन’मध्ये गॅराकची भूमिका करणाऱ्या अँड्र्यू रॉबिन्सन यांनी २०००मध्ये त्याच पात्राच्या तोंडून ‘अ स्टिच इन टाइम’ लिहिली. उद्ध्वस्त कार्डेशिया ग्रहावर उभ्या असलेल्या एका शिंपी-हेराचं ते आत्मकथन आजही कुठल्याही कपाटात ताठ उभं राहील. २००१च्या ‘अवतार’पासून एस. डी. पेरी आणि मार्को पाल्मिएरी यांच्या संपादनाखालचे इतर लेखक ‘डीप स्पेस नाइन’ पुढे नेऊ लागले. २००३च्या ‘युनिटी’त सिस्को परत आला, त्याला मुलगी झाली, रिबेका. २००५पासून रायकरला ‘टायटन’ मिळालं. या जहाजावर माणसं मूठभर, बाकीचे नाना ग्रहांवरचे, डॉक्टर तर चक्क डायनोसॉरसारखा. २००८मध्ये मॅक यांची ‘डेस्टिनी’ त्रयी आली. तिच्यात बोर्ग या अर्धयंत्र शत्रूच्या हल्ल्यात सहा हजार तीनशे कोटी जीव जातात आणि शेवटी बोर्गचा प्रश्न कायमचा सुटतो, तोही तोफेने नव्हे. पुढची कित्येक पुस्तकं त्या संहारानंतरचं राजकारण, निर्वासित, पुनर्वसन यांच्याबद्दल होती. पिकार्ड आणि त्याच्या जहाजावरची डॉक्टर बेव्हर्ली यांचं लग्न झालं. आगीत गेलेल्या पुतण्याचं नाव त्यांनी मुलाला दिलं, रेने. वेळ घेऊन, एकाने दुसऱ्याचं वाचून, दहाबारा लेखकांनी हे रचलं. इतक्या हातांनी लिहिलेली आणि तरी इतकी सलग राहिलेली कथा माझ्या वाचनालयात दुसरी नाही.

मग जानेवारी २०२०मध्ये ‘पिकार्ड’ मालिका आली. तिच्यातला पिकार्ड एकटा, निवृत्त, द्राक्षमळ्यावर. बोर्ग आहेत. पुस्तकांत परत आलेला यंत्रमानव डेटा इथे गेलेलाच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नाही, हे आम्हालाही कळलं. पडद्यावर जे दिसेल तेच अधिकृत, पुस्तकांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं, हा करार पहिल्यापासूनचा आहे. तो मोडा असं मी म्हणत नाही. आणि ‘कोडा’ची कल्पना लेखकांनीच पुढे केली, गुपचूप बंद पडण्यापेक्षा नीट निरोप द्यावा म्हणून, हेही मला ठाऊक आहे. त्या तिघांवर राग नाही. परवाना तुमचा, अटी तुमच्या, स्वामित्वहक्काच्या पानावर नाव स्टुडिओचं. लेखकांना त्यातलं एक पात्रसुद्धा स्वतःच्या जबाबदारीवर पुढे नेता येत नाही. म्हणून पत्र तुम्हाला.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार शेवट कसा केला याची आहे. ‘कोडा’त डेव्हिडियन नावाचे जीव काळरेषाच खात सुटतात. त्यांना थांबवण्याच्या धडपडीत आपल्या नायकांना कळतं की त्यांचं स्वतःचं जगच मूळ नाही. बोर्ग त्यांच्या भूतकाळात, २०६३ सालात घुसले त्या उलथापालथीतून निघालेला तो एक फाटा, फर्स्ट स्प्लिंटर. बाकी सगळी विश्वं वाचवायची तर हा फाटा मुळापासून नाहीसा करायचा. आणि ते करतात. एझरी डॅक्स मरते, वेस्ली मरतो, हे मी सोसलं. युद्धकथेत माणसं मरतात. पण शेवटी जे होतं ते मरण नव्हे. रेने, रिबेका, रायकर आणि ट्रॉय यांची मुलगी ताशा, ते सहा हजार तीनशे कोटी आणि त्यांच्या नावाने उभं राहिलेलं सगळं, हे कधी झालंच नाही असं पुस्तकच स्वतःच्या तोंडाने म्हणतं. खोड म्हणजे टीव्ही, आणि आपण चुकून फुटलेली फांदी, असं कबूल करून.

मॅक यांनी ते लिहिलं सुंदर. शेवटची प्रकरणं एका बैठकीत वाचून होतात. आमचे एक वर्गणीदार, निवृत्त शिक्षक, पुस्तक परत करताना एवढंच म्हणाले, “लेखकाने स्वतःचं श्राद्ध फार छान घातलं.” पण हे त्याला का घालावं लागलं?

कारण तुमच्याच नियमांनी ते आवश्यक नव्हतं. १९९३च्या ‘पॅरलल्स’ या टीव्ही भागात वॉर्फ हा अधिकारी एका विश्वातून दुसऱ्यात घसरत जातो आणि शेवटी आकाशात एंटरप्राइजच एंटरप्राइज दिसू लागतात. वेस्ली सांगतो की २,८५,००० जहाजांकडून हाका येताहेत. तो भाग तुम्हीच केलात. २००९च्या चित्रपटात तुम्ही व्हल्कन ग्रह नष्ट केलात, नवा कर्क आणलात, आणि जुन्या चाहत्यांना सांगितलंत की घाबरू नका, जुनं विश्व आपल्या जागी सुखरूप आहे, ही फक्त वेगळी वाट. ते खरंही केलंत: ‘पिकार्ड’ मालिकेची अख्खी पार्श्वभूमी त्याच चित्रपटात सांगितलेल्या, जुन्या विश्वातल्या सुपरनोव्हावर, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटावर, उभी आहे. आरशातलं दुष्ट विश्व तर १९६७पासून चालू आहे, ते कुणी पुसलं नाही. अडीच लाखांहून अधिक वाटांना जागा होती तिथे कादंबऱ्यांची एक वाट जड झाली? मुखपृष्ठावर एक ओळ पुरली असती: ही वेगळी काळरेषा आहे. स्टार ट्रेकच्या वाचकाला एवढं समजायला कुठलाही त्रास होत नाही.

दुसरी तक्रार उपकारांची. शब्द जड वाटेल, पण यादी पाहा. जुन्या मालिकेतल्या सुलूचं पहिलं नाव हिकारू, ते व्होंडा मॅकइंटायर यांच्या १९८१च्या ‘द एंट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीतून आलं आणि पडद्यावर १९९१च्या सहाव्या चित्रपटात उच्चारलं गेलं. ‘टायटन’ जहाज कसं दिसतं हे ठरलं पुस्तकांसाठी घेतलेल्या चित्रस्पर्धेत. ते जहाज तसंच्या तसं २०२०मध्ये ‘लोअर डेक्स’ या मालिकेत उडालं, आणि आमच्याकडच्या एका कॉलेजच्या मुलीने आनंदाने मला तो तुकडा फोनवर दाखवला. कप्तान पाइकच्या ‘नंबर वन’ला, म्हणजे उपकप्तानाला, उना हे नाव २०१६च्या ‘लेगसीज’ त्रयीने दिलं; आज ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेत ती उना चिन-रायली आहे. सेक्शन ३१ या गुप्तहेर संघटनेच्या मागे असलेली ‘कंट्रोल’ ही यंत्रबुद्धी मॅक यांच्या २०१७च्या कादंबरीत आली, आणि दोनच वर्षांत ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या पर्वात सेक्शन ३१ला त्याच नावाची यंत्रबुद्धी मिळाली. ‘पिकार्ड’ मालिकेच्या सहनिर्मात्यांपैकी कर्स्टन बेयर यांनी आधी वर्षानुवर्षं तुमच्यासाठीच ‘व्हॉयेजर’च्या कादंबऱ्या लिहिल्या होत्या. आणि २०२३मध्ये त्याच मालिकेच्या तिसऱ्या पर्वात पिकार्ड आणि बेव्हर्ली यांना एक मुलगा असल्याचं कळलं, तेव्हा माझ्याकडचे वाचक नुसते एकमेकांकडे बघत राहिले. रेनेला पुसून दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. कल्पना उचलली असा आरोप मी करत नाही. दोन लोकांना एकच गोष्ट सुचू शकते. मी एवढंच म्हणते की पुस्तकांकडून नावं, जहाजं, माणसं घेताना पडद्याला संकोच वाटला नाही, तर पुस्तकांचं अस्तित्व मान्य करताना तो का वाटावा?

पागडीच्या घरात कुणी वीस वर्षं राहावं, गळकं छप्पर शाकारावं, भिंती रंगवाव्यात. मालक परतला तर घर सोडावं, हे ठीकच. इथे त्या माणसाकडून ‘मी इथे कधी राहतच नव्हतो’ असंही लिहून घेतलंत.

तिसरी तक्रार ‘कोडा’त ज्यांना निरोपही मिळाला नाही त्यांची. पीटर डेव्हिड यांनी १९९७पासून चालवलेली ‘न्यू फ्रंटियर’ २०१५च्या ‘द रिटर्न्ड’नंतर थांबली. तिचा कप्तान मॅकेन्झी कॅल्हून कागदावरच जन्मला, त्याचं पडद्याशी कुठलंच भांडण नव्हतं. डेव्हिड मे २०२५मध्ये गेले. आता ती मालिका त्यांच्या हातून पुरी होणं नाही. ‘राइज ऑफ द फेडरेशन’ ही ख्रिस्तोफर बेनेट यांची मालिका २०१७च्या पाचव्या पुस्तकावर अडली. ती तर बाविसाव्या शतकातली, ‘पिकार्ड’ तिच्या आसपासही येत नाही. त्यामानाने बेयर यांना २०२०च्या ‘टू लूज द अर्थ’मध्ये आपल्या ‘व्हॉयेजर’च्या माणसांना घरच्यासारखा निरोप देता आला. तो शेवट वाचून कुणी माझ्याकडे तक्रार केली नाही. म्हणजे शेवट करण्याची ही रीतसुद्धा तुम्हाला माहीत होती.

चौथी तक्रार अगदी व्यवहारातली, आणि कदाचित तुमच्या दृष्टीने क्षुल्लक. ही पुस्तकं कुठून सुरू करायची हे पुस्तकांवर लिहिलेलं नाही. ‘टायटन’चा एक धागा ‘डेस्टिनी’त जातो, तिथून ‘टायफॉन पॅक्ट’मध्ये, तिथून २०१३च्या ‘द फॉल’ या पाच पुस्तकांच्या मालिकेत. पण पुठ्ठ्यावर क्रमांक असेल तर तो ज्या त्या छोट्या मालिकेचा. क्रमाचे तक्ते चाहत्यांनी फुकट बनवले, मीही त्यातला एक छापून कपाटाच्या दाराला चिकटवला आहे. आणि मधला एक भाग कुणी हरवला की संपला खेळ: आमचा वितरक जुनी पुस्तकं ‘छपाईत नाहीत’ असं सांगून फोन ठेवतो. इ-पुस्तक घ्या असं सहज सुचवता येतं. माझ्यासारख्या वाचनालयाने विकत घेतलेलं इ-पुस्तक वर्गणीदाराच्या हातात कसं ठेवायचं ते मात्र कुणी सांगत नाही. जे विश्व गोष्टीत पुसलं गेलं ते हळूहळू फळीवरूनही पुसलं जाईल, ही माझी खरी भीती आहे. पहिलं दुःख वाचकाचं, हे वाचनालयवालीचं.

तुमच्या शेजाऱ्यांकडे पाहा. स्टार वॉर्सवाल्यांनी एप्रिल २०१४मध्ये आपल्या सगळ्या जुन्या कादंबऱ्या एका फटक्यात अधिकृत कथेबाहेर काढल्या. त्यावर केवढा गहजब झाला होता, आणि तो रास्तच होता. पण त्यांनी त्या पुस्तकांना ‘लेजंड्स’ असं नाव दिलं, बाजारात ठेवली, आणि २०२१पासून त्यांतल्या निवडक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढायला घेतल्या. म्हणजे ज्या वर्षी तुम्ही पुसत होता त्याच वर्षी ते छापत होते. माझ्याकडे दोन्हींचे खण शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे हे जरा जास्तच डोळ्यांत येतं.

२०२३च्या ऑक्टोबरात सायमन अँड शुस्टर पॅरामाउंटकडून केकेआर या गुंतवणूक कंपनीकडे गेली. त्याआधी तुम्ही दोघे एका छपराखाली होता. आता ‘ते आमच्या हातात नाही’ असं प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणता येईल, म्हणून हे पत्र दोघांनाही एकाच लिफाफ्यात.

मागण्या अशा आहेत.

या कादंबऱ्या एका नावाखाली एकत्र आणा. नाव तुम्ही ठरवा. त्यावर स्पष्ट लिहा की ही स्टार ट्रेकची एक वेगळी काळरेषा आहे. ‘कोडा’ तिचा एक शेवट म्हणून राहू द्या, वाचायचा त्याने वाचावा. पण तिथपर्यंतची पुस्तकं रद्द झालेली नाहीत, हे प्रकाशक म्हणून तुमच्या तोंडून यायला हवं.

‘डेस्टिनी’चे तीन भाग २०१२मध्ये तुम्ही एका जाड खंडात काढले होते. तसंच बाकीच्यांचं करा. निदान ‘अवतार’ ते ‘युनिटी’, ‘टायटन’ची सुरुवातीची पुस्तकं आणि ‘द फॉल’ एवढी छापील मिळत राहावीत. मागणी आल्यावर एकेक प्रत छापण्याची सोय आता सगळीकडे आहे, गोदाम अडवायला नको.

प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानांत वाचनक्रम छापा. याला खर्च जवळपास काही नाही, म्हणून याला उशीर झालेला मला चालणार नाही.

वर्षातून नाही, दोन-तीन वर्षांतून एखादी कादंबरी त्या काळरेषेत लिहू द्या. अडलेल्या मालिकांना निदान एक शेवटचं पुस्तक द्या. लेखक तयार असतील का ते त्यांना विचारा; माझा अंदाज आहे, फोन पूर्ण वाजायच्या आत उचलतील.

पडद्याने पुस्तकातून नाव, पात्र, जहाज घेतलं तर श्रेयनामावलीत त्या लेखकाचं नाव येऊ द्या. मानधनाचं काय ते तुमच्या करारात असेल, त्यात मी पडत नाही.

आणि छोट्या वाचनालयांना इ-पुस्तकं रीतसर वाचायला देता येतील असा परवाना ठेवा, भारतातल्या वाचनालयांना झेपेल अशा दरात. मराठी भाषांतराचं मी आज काढत नाही. जर्मनीत क्रॉस कल्टने यातल्या पुष्कळ कादंबऱ्या जर्मनमध्ये आणून दाखवल्या आहेत. इथला एखादा प्रकाशक तुमच्या दारात आला तर त्याला पहिल्याच पत्राला हमीची रक्कम सांगून घाबरवू नका, एवढीच विनंती.

तुमचं उत्तर आलं तर त्याचं भाषांतर करून वाचनालयाच्या फलकावर लावीन. नकार आला तरी लावीन, त्याची कारणं वाचायला इथे बरेच जण थांबले आहेत.

कळावे.

आपली,
एक वाचनालयवाली
डोंबिवली पूर्व